संगणक मंदावला म्हणजे

दिवाळीच्या तोंडावर आपल्या घरांतून आवराआवरीची जी लाट येते, तिच्या तडाख्यातून आता संगणकही सुटत नाही. माळे उतरून होतात, पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, रद्दीवाल्याशी घासाघीस होते, आणि मग घरातले कोणी तरी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणते, "आता याचेही एकदा काही तरी करायला हवे." हे "काही तरी" म्हणजे नेमके काय, याबद्दल मात्र दोन माणसांचे एकमत नसते. एक म्हणतो, फोटो फार झालेत, काढून टाका. दुसरा म्हणतो, व्हायरस असणार. तिसरा एखादे फुकटचे सफाईयंत्र सुचवतो, आणि चौथा, जो बहुधा नात्यातला इंजिनियर असतो, तो चहाचा कप खाली ठेवून निकाल देतो, "फॉर्मॅट मारा. सगळे प्रश्न संपतील."

मी मराठीचा प्राध्यापक. संगणकाच्या पोटात शिरण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील तर त्याला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या घरातला संगणक असाच मंदावला, आणि त्याच्या पोटात अशी एक वस्तू होती की, ती गमावणे मला परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा आमच्याच महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याला गाठून मी हा विषय विद्यार्थ्यासारखा समजून घेतला. तो समजल्यावर माझ्या लक्षात आले की, यात गूढ फारसे नाही; एखाद्या चांगल्या गृहिणीला तर तो चटकन कळेल.

कारण संगणक चालतो तो स्वयंपाकघरासारखा. हिशेब करणारा जो प्रोसेसर, तो आचारी. त्याच्या समोरचा ओटा म्हणजे रॅम. आणि मागची कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क. जे काम चालू आहे त्याचे सामान ओट्यावर असते, बाकीचे कोठीत. ओटा ऐसपैस असेल तर आचाऱ्याचा हात भराभर चालतो. पण ओटा लहान आणि पाने चाळीस वाढायची, असे झाले म्हणजे काय होते? एक पातेले कोठीत नेऊन ठेवायचे, दुसरे आणायचे. पुन्हा पहिले आणायचे, तिसरे ठेवायचे. आचारी स्वयंपाक कमी आणि येरझाराच जास्त घालतो. संगणकाचा ओटा भरला की तोही असेच करतो. ओट्यावरचा काही ऐवज हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. आपण बटण दाबून समोर बसलेलो असतो, पडद्यावर ते छोटे वर्तुळ फिरत असते, आणि आपण म्हणतो, यंत्र झोपले. यंत्र झोपलेले नसते. ते बिचारे कोठीच्या खोलीत धावत असते.

आता ही कोठी कशी असते ते पाहण्यासारखे आहे. हार्ड डिस्क ही कल्पना १९५६ सालची. त्या वर्षी आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' या यंत्राबरोबर जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे. आजची डिस्क तळहातावर मावते आणि तिच्यात एखादे ग्रंथालय बसते; पण तत्त्व अजून तेच आहे. चकाकती तबकडी गरगर फिरते आणि ग्रामोफोनच्या हातासारखा एक बारीक हात तिच्यावरून इकडेतिकडे सरकत चुंबकीय खुणा वाचतो. घरगुती डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ५,४०० म्हणजे सेकंदाला नव्वद. ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो. पण हवी ती खूण हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी हाताला योग्य त्या वर्तुळावर सरकावे लागते. हे सगळे धरून अशी डिस्क एका सेकंदात विखुरलेल्या ठिकाणांहून फार तर शंभराच्या आसपास वस्तू आणू शकते. प्रोसेसर त्याच सेकंदात कोट्यवधी हिशेब करतो. आचारी विजेच्या वेगाचा आणि कोठीतून सामान आणणारा गडी लंगडा, अशी ही जोडी!

यावरून पुढची गोष्ट आपोआप कळते. अलीकडे एसएसडी नावाची जी नवी डिस्क मिळते, तिच्यात तबकडी नाही, हात नाही, फिरणारे काहीच नाही. सगळा कारभार विजेचा. सेकंदाला शंभरच्या जागी हजारो वस्तू ती हाताशी देते. जुन्या यंत्रात हा एवढा बदल केला, तरी तेच यंत्र ओळखू येत नाही.

पण आधी रोग कोणता ते पाहावे, मग औषध. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. तिच्यात आचारी किती गुंतला आहे, ओटा किती भरला आहे आणि कोठीत किती धावपळ चालली आहे, याचे आकडे टक्क्यांत दिसतात. आमच्या यंत्रात आचारी निवांत होता, ओटा जवळजवळ भरलेला होता आणि डिस्कचा आकडा शंभरावर जाऊन बसला होता. नाडी सापडली. ही खिडकी उघडून पाहण्यास पैसा पडत नाही आणि काही बिघडतही नाही. तरी शंभर घरांतली नव्वद माणसे ती न पाहताच उपचाराला लागतात, अशी माझी समजूत आहे.

आता सफाईची साधने. विंडोजमध्ये 'डिस्क क्लीनअप' हे साधन १९९८ सालापासून आहे, आणि नव्या आवृत्त्यांत 'स्टोरेज' या सदराखाली त्याचीच सुधारलेली भावंडे आहेत. तात्पुरत्या फाइली, अद्ययावतीकरणानंतर उरलेली टरफले, कचऱ्याची टोपली हे सारे ती काढून टाकतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र यादीत 'डाउनलोड्स' हे नाव दिसले की हात आखडावा. आपल्या घरांत विजेच्या बिलापासून जन्मदाखल्यापर्यंतचे कागद त्याच पेटीत पडलेले असतात. दुसरे म्हणजे, या सफाईने जागा मिळते, वेग मिळतोच असे नाही. कोठीतली रिकामी खोकी फेकली म्हणून गड्याचे लंगडणे थांबत नाही. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर मात्र फरक पडतो. दहावा-पाचवा हिस्सा मोकळा असावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. ब्राउझरने साठवलेली चित्रे वगैरे पुसून टाकली, तर उलट काही दिवस तो अधिकच संथ वाटतो, कारण तीच चित्रे त्याला पुन्हा आणावी लागतात.

'रजिस्ट्री' साफ करून देतो म्हणणाऱ्या साधनांच्या वाटेस तर मुळीच जाऊ नये. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची कीर्दवही. कोणत्या कार्यक्रमाने कोणती सोय कशी मागितली आहे त्याची नोंद तिच्यात असते. तिच्यातल्या शेपाचशे जुन्या नोंदी खोडल्याने वेग वाढत नाही, पण एक चुकीची नोंद खोडली गेली तर यंत्र उठत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही अशी साधने वापरण्याला आपला पाठिंबा नसल्याचे जाहीर केले आहे. आणि साधन प्रसिद्ध आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. 'सीक्लीनर' हे जगभर वापरले जाणारे सफाईचे साधन. २०१७ साली त्याच्या एका आवृत्तीतच चोरांनी आपला कार्यक्रम घुसवला होता, आणि ते उघडकीस येईपर्यंत बावीस लाखांहून अधिक संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली होती. झाडूवालीच्या पदराआडून चोर घरात शिरावा, तसा हा प्रकार.

याहून मौजेची गोष्ट अमेरिकेतली. तिथे 'ऑफिस डेपो' नावाच्या दुकानांत गिऱ्हाइकांच्या संगणकांची फुकट तपासणी होत असे. तपासणीच्या आरंभी चार प्रश्न. संगणक मंद झाला आहे काय, त्याला पूर्वी व्हायरसचा त्रास झाला होता काय, अशा प्रकारचे. यांपैकी एकालाही गिऱ्हाइकाने होकार दिला की यंत्र तपासण्याचा देखावा होई आणि रोग असल्याचा निकाल ठरलेलाच! मग शेकडो डॉलरांची दुरुस्ती. २०१९ साली तेथील सरकारी आयोगाने याबद्दल कारवाई केली, आणि त्या कंपनीला व तिच्या सहकारी कंपनीला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. आपल्या पडद्यावर "तुमच्या संगणकात ८७४ दोष सापडले" अशी लाल पाटी झळकली, तर हा किस्सा आठवावा.

खरा गुण देणारे घरगुती उपाय साधे आहेत. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' असे एक सदर आहे. संगणक सुरू होताच न बोलावता उठून बसणाऱ्या पाहुण्यांची ती यादी. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचा कार्यक्रम, कोणे एके काळी कोणा कंपनीच्या बैठकीसाठी घेतलेले साधन, असे दहा-बारा जण तरी सापडतात. त्यांना तिथे 'बंद' केले तर ते पुसले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नयेत. दोघे एकमेकांच्याच मागावर राहतात. आणि एक उपाय अगदी दिवाळीला शोभणारा: धूळ. पंख्यावर धुळीची गादी बसली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग उतरवतो. वीज बंद करून, खोके उघडून, मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने ती काढली की काही यंत्रे एवढ्यानेच शुद्धीवर येतात.

एवढे करूनही भागले नाही तर मग तो शेवटचा उपाय, म्हणजे फॉर्मॅट. आपल्या भाषेला या 'मारणे' क्रियापदाचा भारी सोस आहे. आपण शिक्का मारतो, रंग मारतो, गप्पा मारतो, आणि फॉर्मॅटही मारतो! पण या एका ठिकाणी शब्दाचा मूळ अर्थ शिल्लक आहे, हे लक्षात ठेवावे. फॉर्मॅटमध्ये डिस्कवरची अनुक्रमणिका पुसली जाते. पाने काही काळ आत असतात, पण कोणते पान कोठे हे सांगणारा कोणी उरत नाही. मग त्याच पानांवर नवी विंडोज लिहिली जाते. असे यंत्र सुरुवातीला हलके वाटते यात शंका नाही, कारण वर्षानुवर्षांचे आगंतुक एका फटक्यात गेलेले असतात. दोष त्यांचाच असेल तर हा उपाय रामबाण. दोष लंगड्या गड्याचा असेल, तर कार्यक्रम पुन्हा चढवले, अद्ययावतीकरणे आली, की दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. विंडोज ८ पासून 'रीसेट' ची सोय आहे, आणि तीत "माझ्या फाइली ठेवा" असा पर्याय मिळतो. पण तो फाइली ठेवतो. कार्यक्रम ठेवत नाही. हा भेद बारीक दिसतो, आणि मराठी माणसाला तोच महाग पडू शकतो. तो कसा, ते आता सांगतो.

आमचे वडील, अण्णा, कोकणात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी संगणकावर मराठी टंकायला शिकले. नोकरीच्या काळात गावोगावी हिंडताना भातशेतीतले, पावसापाण्याचे, गुराढोरांचे जे शब्द त्यांनी वह्यांत टिपले होते, ते सारे त्यांनी आठ वर्षे रोज सकाळी एक तास बसून यंत्रात उतरवले. राब, कवळ, तरवा, चिखलणी, आगोट, इरले. प्रत्येकापुढे अर्थ, आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला ते. चार हजारांवर नोंदी. मूळ वह्या गावच्या घरी होत्या. त्यांना वाळवी लागली. २०१९ मध्ये अण्णा गेले. उरली ती संगणकातली एक फाइल. घरातल्या संगणकाची पिढी बदलली तशी ती एका यंत्रातून दुसऱ्यात येत राहिली.

यंत्र मंदावले तेव्हा आमच्या भागातल्या एका दुकानात मी ते नेले. तिथला तरुण हुशार आणि कामसू होता. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "सर, फॉर्मॅट मारून देतो. संध्याकाळी न्या."

मी म्हटले, "अरे, यात माझ्या वडिलांचे काम आहे."

"डेटा ठेवतो ना सर. फाइल कुठे जाते?"

"आणि फाँट?"

"फाँट नवे येतात सर, विंडोजबरोबर. मराठी पण येते."

यात त्याचा दोष नव्हता. त्याचा जन्मच मुळी त्या काळानंतरचा. मराठी अक्षरांना जगभर एकच क्रमांक असावा अशी जी युनिकोडची व्यवस्था, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये ती नीट अवतरली विंडोज २००० पासून, आणि आपल्या छापखान्यांत व घरांत रुळायला तर आणखी पुष्कळ वर्षे गेली. तोवर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांचे राज्य होते. त्यांची युक्ती अशी: संगणकाला वाटायचे आपण रोमन अक्षर साठवतो आहोत, फाँट मात्र त्या अक्षरावर देवनागरीचा मुखवटा चढवून ते पडद्यावर दाखवी. मुखवटा असेपर्यंत सगळे ठीक. तो फाँट यंत्रातून गेला की फाइल जिवंत असूनही वाचता येत नाही. रोमन अक्षरे, मध्येच टक्क्याचे चिन्ह, कुठे अर्धा कंस, अशी भुताटकी दिसते. फाँट राहतो विंडोजच्या फोल्डरात, आपल्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये नव्हे. म्हणजे नव्या विंडोजबरोबर तो नाहीसा होणार, आणि "डेटा ठेवतो" म्हणणाऱ्याच्या ते गावीही नसणार. जुन्या मराठी फाइली ज्यांच्या घरी आहेत, आणि त्या पुष्कळांच्या घरी आहेत, कोणाचा पीएच.डी.चा प्रबंध, कोणाची कुलवृत्तांताची टिपणे. त्यांनी हे फाँट वेगळे काढून फाइलीशेजारी ठेवावेत.

मी यंत्र परत आणले. सहकाऱ्याने एक लहानसा फुकटचा कार्यक्रम लावून डिस्कची प्रकृती पाहिली, तर पिवळा रंग! डिस्कवरच्या काही जागा निकामी होऊन त्यांच्या बदली राखीव जागा वापरात आल्या होत्या. मधूनमधून टक टक असा आवाज येई, त्याचा अर्थ आता कळला. मंदपणा हे त्या आजाराचे लक्षण होते. अशा डिस्कला सफाई आणि फेरमांडणीच्या कामाला जुंपणे म्हणजे हृदयविकाराच्या रोग्याला पर्वती चढायला लावणे. तिच्याकडून एकच काम घ्यायचे: प्रत काढायची आणि तिला विश्रांती द्यायची.

रात्री अकरापर्यंत प्रत चालली होती. अण्णांची फाइल, फाँट, फोटो, सौभाग्यवतीचे हिशेब. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी कन्येच्या लॅपटॉपवर. तिथे फाँट बसवून फाइल उघडून पाहिली. नुसते नाव दिसले म्हणून भागत नाही. पहिलीच नोंद 'अंगण' दिसली, तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग नवी एसएसडी बसवली, रॅम चार जीबीची आठ केली, आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर घेतलेली विंडोज १० तिच्यावर कोरी चढवली. परवान्याचा आकडा पुन्हा द्यावा लागला नाही. विंडोज १० मध्ये तो यंत्राच्या मुख्य पाटीशी जोडलेला असतो. पूर्वी बटण दाबून मी चहा करून आणत असे तरी यंत्र तयार नसे. आता अर्ध्या मिनिटाच्या आत ते कामाला उभे राहते. खर्च काही हजारांत भागला. नव्या यंत्राला त्याच्या कितीतरी पट पडले असते. जुनी डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. महिन्याभराने कुतूहल म्हणून जोडून पाहिली, तर यंत्राने तिची ओळखच दिली नाही.

या हिशेबात पुढे एक भर पडली. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला, आणि विंडोज ११ ला जो नव्या पिढीचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती २०१६ च्या आमच्या यंत्राला पुरी पडत नाही. धडधाकट यंत्र असे वयाच्या दाखल्यावरून निवृत्त करावे, हे मला काही पटत नाही. निकलॉस विर्थ या स्विस शास्त्रज्ञाने १९९५ मध्येच लिहून ठेवले होते की, यंत्रे जितक्या वेगाने वेगवान होतात त्याहून अधिक वेगाने त्यांच्यावरचे कार्यक्रम जड होत जातात. आम्ही त्या यंत्रावर लिनक्स मिंट चढवले. कन्येने आधी नाक मुरडले. आता तीच त्यावर अभ्यास करते. अर्थात ज्यांचे काम विंडोजच्याच एखाद्या कार्यक्रमाशी बांधलेले आहे, त्यांना हा मार्ग नाही.

अण्णांची फाइल आता आम्ही युनिकोडमध्ये आणतो आहोत. परिवर्तन करणारी साधने मिळतात, पण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट. त्यामुळे 'मार्ग'चा 'मागर्' होतो, आणि 'चिखलणी'ची वेलांटी कधी कधी शब्दाच्या तोंडाशी अधांतरी लटकत राहते. प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते. जेवणे झाल्यावर कन्या वाचते आणि मी जुन्या फाँटातले पान समोर धरून ताडून पाहतो. परवा 'तरवा' आला. तिने विचारले, "बाबा, तरवा म्हणजे?" मी सांगण्याआधीच तिने अण्णांनी दिलेला अर्थ वाचला: लावणीसाठी उपटलेली भाताची रोपे. त्यापुढे ज्या म्हातारीच्या तोंडून तो ऐकला तिचे नाव होते, आणि गाव. अजून 'थ' पासून पुढे सगळे बाकी आहे.